जोडीदाराला पॉर्नचं व्यसन असेल तर: पहारा सोडून काय करायचं

तुम्हाला हे काल किंवा गेल्या आठवड्यात कळलं असेल, तर आज रात्री कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. माहेरी फोन नको, सासूबाईंना उठवणं नको, वकिलाचा नंबर शोधणं नको. जमलं तर झोपा. उद्या सकाळी हा लेख परत वाचा. याला चार अपवाद आहेत, ते जरा पुढे सांगते.

मला कळलं ते लाइट बिलामुळे. माझा फोन चार्जिंगला होता म्हणून नवऱ्याचा लॅपटॉप उघडला आणि महावितरणच्या साइटसाठी ‘एम’ टाइप केला. खाली जी यादी उघडली त्यात महावितरण पाचव्या नंबरवर होतं. वरची चार नावं मी आजही विसरलेले नाही. बिल भरलं, लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला घेतली. भांडण झालं ते तीन दिवसांनी, आणि तेही भलत्याच कारणावरून, गॅस सिलिंडरवरून.

त्यानंतरचे आठ महिने मी पहारा दिला. तो बाथरूममध्ये गेला की घड्याळ बघायचं. दीड जीबी रोजचा डेटा, त्यातला किती उरला ते रात्री तपासायचं. तो आंघोळीला गेला की फोनची हिस्टरी. आठ महिन्यांत तो एकच गोष्ट शिकला, हिस्टरी नीट पुसायला. मी मात्र झोप घालवली, पित्त वाढवून घेतलं आणि ऑफिसात दोनदा पगाराच्या शीटमध्ये चुका केल्या. पुढे जे लिहिलंय ते त्या आठ महिन्यांनंतर, समुपदेशकांकडे बसून आणि अडखळत शिकलेलं आहे. नवऱ्याने हा लेख वाचलाय. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मी बायकोच्या बाजूने लिहितेय, कारण मला तीच बाजू माहीत आहे. पण हे बायकांनाही होतं, आणि त्यांच्याबद्दल तर कुणी अवाक्षर काढत नाही. तुम्ही नवरा असाल, किंवा लग्नाशिवाय एकत्र राहत असाल, तर सर्वनामं बदलून वाचा.

आधी चार प्रश्न

हे चार प्रश्न व्यसनाच्या आधीचे आहेत. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर समजूतदारपणा बाजूला ठेवा.

पाहिलेलं काही लहान मुलांचं आहे का? प्रौढांचं पॉर्न घरात खासगीपणे पाहणं आपल्याकडे आपोआप गुन्हा ठरत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण पाहणं, उतरवून घेणं, साठवणं हा मात्र गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-बी आणि पॉक्सो कायद्याचं कलम १५ त्यासाठीच आहे, आणि सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितलं. अशी फाइल ‘पुरावा म्हणून’ बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवू नका. ती पुढे पाठवणं हाच वेगळा गुन्हा होतो. थेट वकिलाकडे किंवा पोलिसांकडे जा.

तुमच्यावर जबरदस्ती होते का? पाहिलेलं तुमच्याकडून करून घेणं, नको म्हटल्यावर मारणं किंवा धमकावणं, तुमचं नकळत चित्रीकरण करणं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत आहे. महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

कुणी पैसे उकळतंय का? अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, आणि मग ‘तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना पाठवतो’ म्हणून मागणी सुरू होते. पैसे देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. यात तो फसवला गेलेला असतो. त्याच्यावर रागवायला नंतर भरपूर वेळ मिळेल.

चौथा प्रश्न, तो जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा बोलतोय का? पकडलं गेल्याची लाज फार खोल जाते. ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. एकटं ठेवू नका आणि टेलि-मानसला फोन लावा: १४४१६. हा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तुम्ही स्वतःसाठीही हा नंबर फिरवू शकता. मी फिरवलाय, एका रविवारी दुपारी, गच्चीत उभी राहून.

हे व्यसन आहे की नाही

आपल्याकडे ‘नाद’ म्हणतात, ‘घाणेरडं बघतो’ म्हणतात, फार तर ‘सवय’ म्हणतात. डॉक्टरी भाषेत ‘पॉर्नचं व्यसन’ या नावाचा वेगळा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, त्यात ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर डिसऑर्डर’ असं निदान आहे आणि पॉर्नचा अनावर वापर त्यात बसू शकतो. गंमत म्हणजे ते व्यसनांच्या गटात नसून आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. नावावरून तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत. तुम्हाला तो वाद सोडवायचा नाहीये. तुम्हाला बघायचंय ते हे: थांबवायचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसतात का, झोप, काम, मुलं, तब्येत मागे पडते का, मजा येईनाशी झाली तरी चालूच राहतं का, आणि हे सगळं सहा महिने किंवा जास्त काळ चाललंय का.

त्याच व्याख्येत एक वाक्य असं आहे की फक्त ‘हे पाप आहे’ या टोचणीमुळे होणारा त्रास म्हणजे आजार नव्हे. महिन्यातून दोनदा पाहणारा माणूस अपराधीपणाने पिचून स्वतःला व्यसनी म्हणवून घेतो, आणि दुसरा रोज तीन तास घालवून ‘सगळेच बघतात’ म्हणतो. दोघांना वेगळी मदत लागते. तुम्हाला ते पाहणं मुळातच मान्य नसेल तर तो तुमचा हक्क आहे आणि त्यावर नवरा-बायकोने बोलायलाच हवं. पण त्यासाठी त्याला रोगी ठरवायची गरज नाही.

एक गोष्ट फार कुणी सांगत नाही म्हणून सांगते. हे वागणं अचानक, चाळिशी-पन्नाशीत, जणू माणूसच बदलावा तसं सुरू झालं असेल, तर त्याच्या गोळ्यांची पट्टी बघा. पार्किन्सन्सच्या प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल, प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढल्यावर देतात ती कॅबरगोलिन, मानसिक आजारांतली एरिपिप्राझोल या औषधांनी काहींना असा आवेग येतो. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरला सांगा. ते सहसा डोस किंवा औषध बदलतात. तसंच झोप कमी, बोलणं भरमसाट, पैसा उधळणं हेही जोडीला असेल तर बायपोलरची, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजाराची तपासणी आधी.

बोलायचं कसं

इथे घाई केली की सगळं फसतं, म्हणून इथे जरा थांबते.

जागा आधी. आमचं घर वन-बीएचके, हॉलमध्ये सासूबाई, आत लेक. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे तर भिंतीच नाहीत. आम्ही बोललो ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, काचा वर करून. गाडीचा फायदा असा की दोघंही समोर बघतात. डोळ्यांत डोळे घालून या विषयावर बोलणं पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. गाडी नसेल तर चालायला जा. टेकडी, खाडीचा काठ, नदीचा घाट, कुठेही शेजारी शेजारी चालता येईल असं. रात्री अकरानंतर नाही, दारू घेतलेली असताना नाही, आणि अंथरुणात तर मुळीच नाही.

सुरुवात जे पाहिलं त्यानेच करा. माझं पहिलं वाक्य मी कागदावर लिहून नेलं होतं: ‘लॅपटॉपवर मला काय दिसलं ते मी तुला सांगणार आहे. मला खूप लागलंय. ओरडणार नाही, पण तू खोटं बोललास तर उठून जाईन.’ वाक्य काही सुंदर नव्हतं, पण काम झालं. याच्या आधी आठ महिने मी जे बोलत होते ते असं होतं: ‘तुला लाज वाटत नाही? घरात मुलगी आहे.’ लाज त्याला वाटतच होती. लाज वाटली की तो बाथरूममध्ये जायचा.

ठरलेली उत्तरं येतील, तयारी ठेवा. ‘सगळेच पुरुष बघतात.’ यावर वाद घालू नका. ‘सगळ्यांचं मला माहीत नाही, तू रात्री तीनला झोपतोस आणि सकाळी लेकीवर खेकसतोस, त्याबद्दल बोलतेय.’ दुसरं उत्तर, ‘तू जवळ येत नाहीस म्हणून.’ हे सगळ्यात जास्त बोचतं आणि सगळ्यात कमी खरं असतं. माझ्या नवऱ्याने हे बघायला सुरुवात केली ती कॉलेजच्या होस्टेलवर, मला ओळखतही नव्हता तेव्हा. बहुतेकांची सुरुवात अशीच जुनी असते. तुम्ही जाड झालात, बाळंतपणानंतर थकलात, रंग उतरला, यातल्या कशानेही ते सुरू झालेलं नसतं. संसारात दुरावा असेल तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर वेगळं बोलता येईल.

काय विचारायचं आणि काय नाही हे आधी ठरवून जा. विचारा: कधीपासून, साधारण किती, कुठल्या वेळी, पैसे गेलेत का, कर्ज आहे का, ऑफिसच्या मशिनवर बघतोस का, कुणाशी चॅट किंवा व्हिडिओ कॉल होतो का, प्रत्यक्ष कुणाशी संबंध आला का. विचारू नका: कसल्या बायका, काय करत होत्या, माझ्यापेक्षा काय बरं आहे. मी हट्टाने विचारलं. त्याने सांगितलं. ती चित्रं आता माझ्याकडेही आहेत, आणि ती डिलीट करायचं बटण मला सापडलेलं नाही.

प्रत्यक्ष संबंध आला असेल तर राग, रडणं सगळं होईलच, पण आधी दोघांची तपासणी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीच्या केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. माहितीसाठी १०९७ ही एड्स हेल्पलाइन.

पहिल्या बैठकीत सगळं खरं बाहेर येत नाही. निम्मं येतं. उरलेलं तुकड्यातुकड्याने येतं, आणि प्रत्येक तुकड्याने पहिल्या दिवसाइतकंच दुखतं. म्हणून आमच्या समुपदेशकांनी नंतर एक बैठक मुद्दाम लावली, जिथे त्याने लिहून आणलेलं सगळं एकदाच सांगितलं. शक्य असेल तर तसं करा, घरच्या घरी करू नका.

कुणाचं काम कुठलं

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आठ महिने वाचले असते. पाहणं बंद करणं त्याचं काम. डॉक्टर शोधून अपॉइंटमेंट घेणं त्याचं काम. नंबर तुम्ही देऊ शकता, फोन त्याने लावायचा. फोनवर अडसर बसवणं त्याचं काम. घसरला तर येऊन सांगणं त्याचं काम.

तुमचं काम: काय चालेल आणि काय नाही हे स्पष्ट सांगणं, खरं सांगितलं तर ऐकून घेणं, आणि स्वतःची झोप, जेवण, पगार सांभाळणं. घरच्यांसमोर त्याच्यासाठी खोटं बोलणं तुमचं काम नाही. ऑफिसात ‘त्याला बरं नाही’ असा फोन करणंही नाही.

‘हद्द’ आणि ‘धमकी’ यात फरक करा. ‘परत बघितलंस तर सोडून जाईन’ असं मी किमान सहा वेळा म्हटलं आणि सहाही वेळा कुठेही गेले नाही. सातव्यांदा त्याने मानही वर केली नाही. त्यापेक्षा असं: ‘तू खोटं बोललास असं कळलं तर त्या आठवड्यात मी आणि लेक आत झोपू, तू हॉलमध्ये.’ लहान, पण पाळता येण्यासारखं. सासूबाईंनी विचारलं तर? मी म्हटलं, ‘घोरतो.’ बघा, वरच्या परिच्छेदात खोटं बोलू नका म्हटलंय आणि हे एक बोललेच. चालतं एवढं.

फोन, वायफाय आणि स्वयंपाकघरातला चार्जर

तांत्रिक अडसर म्हणजे दाराची कडी. चोराला थांबवत नाही, पण झोपेत चालणाऱ्याला थांबवते. आणि हे बघणं पुष्कळदा अर्धवट झोपेतच होतं.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). तिथे होस्टनेमच्या चौकटीत ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ इंग्रजीत टाकायचं. ही सेवा मोफत आहे आणि बहुतेक पॉर्न साइट उघडूच देत नाही. घरच्या वायफायच्या राउटरवर हेच करायचं असेल तर डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाका, म्हणजे मुलांच्या टॅबलाही लागू होतं. आयफोनवर सेटिंग्ज, मग स्क्रीन टाइम, मग ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’, त्यात वेब कंटेंटमध्ये ‘लिमिट अ‍ॅडल्ट वेबसाइट्स’. यामुळे सफारीचं प्रायव्हेट ब्राउझिंगही बंद होतं, हे चांगलं.

या कडीला भोकं आहेत. टेलिग्राम, इन्स्टाग्राम, एक्स, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप, यांच्या आत जे येतं ते डीएनएस अडवत नाही. ज्या ग्रुपवर ‘तसले’ व्हिडिओ पडतात तो शाळेच्या मित्रांचा असला तरी सोडावा लागतो. माझ्या नवऱ्याला साइट सोडण्यापेक्षा तो ग्रुप सोडणं जड गेलं.

पासवर्ड कुणाकडे? तुमच्याकडे नको. पासवर्ड तुमच्याकडे आला की पहारा परत सुरू झाला. त्याचा भाऊ, जवळचा मित्र, समुपदेशक, असं कुणीतरी शोधा. कुणीच नसेल तर त्याने आडवातिडवा पासवर्ड कागदावर लिहून पाकीट चिकटवून द्यावं आणि तुम्ही ते न उघडता कपाटात टाकावं.

आणि त्याच्या नकळत फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप टाकू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमधली माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, आणि पकडलं गेलं की खोटं बोलणारे दोघं होतात.

आमच्याकडे सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे गजराचं घड्याळ. ‘अलार्मला फोन जवळ लागतो’ ही त्याची सबब होती. मी स्टेशनबाहेरून सेलवर चालणारं एक घड्याळ आणलं, हिरवं, टिकटिक एवढी मोठी की पहिले दोन दिवस कुणालाच झोप लागली नाही. दोघांचे फोन रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारच्या प्लगला. दोघांचे, एकट्याचा नाही.

लाट आली की

इच्छेची लाट चढते, माथ्याला पोहोचते आणि उतरते. तिच्यात न उतरता काठावर उभं राहिलं तर बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. मानसोपचारात याचा सरावच करून घेतात. बहुतेक लाटा ठरावीक हवेत येतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्याच्या लाटा रविवारी संध्याकाळी आणि अप्रेझलच्या महिन्यात. त्या त्यानेच वहीत लिहून शोधल्या, मी नाही.

तो येऊन ‘आत्ता होतंय’ म्हणाला तर तो फार मोठा क्षण असतो आणि तो तुम्ही एका वाक्यात मारू शकता. ‘का? आज काय बघितलंस?’ असं काही विचारू नका. मी ‘चल, खाली जाऊन दूध आणू’ म्हणते. दूध घरात असतं. तरी आणतो. एकदा तीन लिटर साठलं, मग पनीर केलं. प्रत्येक वेळी हे तुम्हालाच जमलं पाहिजे असं नाही. तुम्ही थकलेल्या असाल तर ‘आज मला नाही जमणार, मित्राला फोन कर’ म्हणा.

कुणाकडे जायचं

लोकलच्या रुळांशेजारच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, शर्तिया इलाज’ लिहिलेलं असतं, तिथे जायचं नाही. त्या पुड्यांमध्ये काय असतं ते देणाराही सांगत नाही. ‘वीर्यनाशाने शरीर पोखरतं’ ही भीती इतकी जुनी आणि पसरलेली आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. हस्तमैथुनाने अंधत्व, नपुंसकत्व, मणक्याची झीज यातलं काहीही होत नाही. त्याला लैंगिक अडचण असेल तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा. ताठरता जाणं हे कधीकधी मधुमेहाचं किंवा हृदयविकाराचं पहिलं लक्षण असतं, आणि सगळं पॉर्नवर ढकललं की ते राहून जातं.

जायचं ते मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर फुकट किंवा किरकोळ पैशात निघतो. पहिल्या भेटीत डॉक्टर उदासीनता, चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार), दारू हे सगळं विचारतात, कारण पॉर्न पुष्कळदा त्याच्यावरचं झाकण असतं. झाकण काढलं की खालचं उतू येतं, पहिल्या महिन्यात चिडचिड वाढते ती त्यामुळेही. उपचार म्हणजे मुख्यतः बोलणं, सीबीटीसारख्या, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या पद्धती. काहींना एसएसआरआय गटातली (नैराश्य, चिंतेवरची) गोळी किंवा ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन देतात. ते डॉक्टरने ठरवायचं.

ठाण्यात १९९०पासून आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करते आहे. पुण्यातलं मुक्तांगण, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये सुरू केलेलं, मुख्यतः दारू आणि ड्रग्जचं. पण तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो, आणि दारुड्याच्या बायकोचं दुःख तुमच्यापेक्षा फार वेगळं नसतं. बेंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४पासून ‘शट’ क्लिनिक आहे, मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठीच. परदेशातल्या मराठी मंडळींना तिथे बारा पायऱ्यांचे गट (एकमेकांच्या आधाराने व्यसन सोडणाऱ्यांचे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या धर्तीवरचे) सहज मिळतात, काही ऑनलाइनही आहेत.

‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ प्रत्येकाचा हा प्रश्न असतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. डॉक्टर तुम्हालाही त्याच्या परवानगीशिवाय सगळं सांगणार नाहीत, यावर चिडू नका. वेटिंग रूममध्ये आमच्या गल्लीतले एक काका भेटले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना. तिघांनीही मासिकं वर केली.

घसरला तर

घसरेल. आमच्याकडे नियम असा: घसरलं तर चोवीस तासांच्या आत तोंडाने सांगायचं. सांगितलं तर मी रागावू शकते, पण शिक्षा नाही. लपवलं आणि नंतर कळलं तर वर सांगितलेली हॉलची हद्द लागू. घसरण आणि लपवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं घर मोडत होतं ते दुसरीमुळे.

घसरल्यावर दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे का? काही जण मोजतात. आम्ही सोडून दिलं. चाळीस दिवसांनंतर एकदा घसरलेल्या माणसाला ‘शून्य’ म्हटलं की तो ‘गेलंच आहे तर’ म्हणून तीन दिवस बुडतो. त्याऐवजी वहीत एवढंच: वेळ, त्याआधी काय झालं होतं, पुढच्या वेळी काय बदलायचं.

अंथरूण

थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येकाचं वेगळं. त्याने बघू नये म्हणून तुम्ही जवळ गेलंच पाहिजे, असं नाही. तुमचं शरीर म्हणजे त्याचं औषध नव्हे. काही महिने नको वाटलं तर नको म्हणा. पॉर्नमधलं काहीतरी करून त्याला ‘परत मिळवायचा’ प्रयत्न मी करून पाहिला. आठवलं की अजून कसंसं होतं. सुरुवात हात धरून सिरियल बघण्यापासून झाली तरी ती सुरुवातच आहे.

तुमचं स्वतःचं

एका माणसाला सांगा. एकालाच, आणि नीट निवडून. जी तुमची बाजू घेईल पण त्याच्याबद्दल पुढच्या दिवाळीत टोमणा मारणार नाही, अशी. नणंद असेल, मैत्रीण असेल, माझी एक मावशी होती. आईला सांगितलं नाही, कारण माझा राग ओसरेल, तिचा ओसरणार नाही.

दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण जात नाही, ऑफिसात रडू येतं, असं असेल तर तुम्हीही डॉक्टरकडे जा, तो येवो न येवो. स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या हातातली कागदपत्रं ही सोडून जाण्याची तयारी वाटत असेल तर वाटू दे. राहायचं ठरवलं तरी ती उपयोगी पडतात. आणि वर्ष-दीड वर्ष होऊनही तो डॉक्टरकडे पाऊल टाकत नसेल, खोटं चालूच असेल, तर निघणाऱ्या बाईला कुणी ‘कच खाल्लीस’ म्हणू नये.

मुलांना कारण सांगू नका, पण ‘काही नाही झालं’ असंही म्हणू नका. लेकीला आम्ही सांगितलं, ‘आईबाबांचं भांडण झालंय, आम्ही सोडवतोय, तुझ्यामुळे नाही झालं.’ ती म्हणाली, ‘मग माझा टॅब का बंद केला?’ त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारची पंधरा मिनिटं

रोज चौकशी केली की घर चौकी होते. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. आम्ही रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. तो सांगतो: आठवडा कसा गेला, लाट कधी आली, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगते: मला कसं होतं, कुठे संशय आला, कुठे बरं वाटलं. पंधरा मिनिटं झाली की विषय बंद, उरलेलं पुढच्या रविवारी. बुधवारी काही सुचलं तर मी फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवते. सुरुवातीला दहा-बारा ओळी साठायच्या आणि पंधरा मिनिटं पुरायची नाहीत. गेल्या रविवारी दोन होत्या, त्यातली एक गॅस सिलिंडर बुक करण्याबद्दल. चार मिनिटांत आटोपलं, मग दुसरा कटिंग मागवला.